समुद्र फुकट, बाकी हिशेब

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव तीन वर्षं 'गोवा फायनल' होतं. या तीन वर्षांत आम्ही गोव्याला एकदाही गेलो नाही. कधी कुणाचं सबमिशन, कधी कुणाच्या चुलतभावाचं लग्न, तर कधी सरळ खिशात पैसे नाहीत. तुमचाही असा एक ग्रुप असेलच, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

ग्रुपमध्ये आम्ही तिघं. मी, भगूरची एक मैत्रीण आणि सातारा जिल्ह्यातला एक मित्र. तिघंही एमएच्या शेवटच्या वर्षाला. जुलैत एका रात्री मैत्रिणीनं ग्रुपचं नाव बदललं आणि इंग्रजीत चार अक्षरं लिहिली. आम्हाला वाटलं, 'नाइस' लिहिलंय. ती म्हणाली, "नाइस नाही रे, नीस! फ्रान्समधलं. समुद्रकिनारी आहे. गोवा होत नाही ना, मग थेट भूमध्य समुद्रच बघू."

आम्ही हसलो. पण गंमत म्हणून एक एक्सेल शीट उघडली आणि आज त्या शीटला अकरा टॅब आहेत. आम्ही अजून नीसला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. हा लेख प्रवासवर्णन नाही. परदेशी ट्रिप 'प्लॅन करणं' म्हणजे नेमकं काय असतं, आणि त्यात मैत्रीची कशी परीक्षा होते, एवढंच यात आहे.

आधी गाव, मग तारीख

आमची पहिली चूक म्हणजे आधी तारीख ठरवली. दिवाळीची सुट्टी! मग कळलं की त्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पडतो. आपल्याकडे पाऊस संपला म्हणजे जगभर संपला, असं आपल्याला उगाच वाटतं.

म्हणून मग गावाबद्दल वाचायला घेतलं. नीस ही भूमध्य समुद्रावरची फार जुनी सुट्टीची जागा. पण ती प्रसिद्ध झाली हिवाळ्यासाठी! अठराव्या शतकापासून इंग्लंडमधले श्रीमंत लोक तिकडच्या गारठ्याला कंटाळून इथं यायचे. छातीच्या विकाराच्या रुग्णांना डॉक्टर या हवेत राहायला सांगायचे. रशियन लेखक चेखव क्षयानं आजारी होता, तोही १८९७-९८ चा हिवाळा इथंच राहिला. उन्हाळ्यात मात्र गाव ओस पडायचं. युनेस्कोनं २०२१ मध्ये नीसला जागतिक वारसा यादीत घेतलं तेही 'रिव्हिएराचं हिवाळी विश्रामाचं शहर' म्हणून.

किनाऱ्यालगतच्या प्रसिद्ध रस्त्याचं नावच 'प्रोमेनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. १८२० च्या दशकात तिथं राहणाऱ्या इंग्रजांनी वर्गणी काढून तो सुरू केला. थंडीनं शेतीचं नुकसान होऊन बेकार झालेल्या गरिबांना त्यातून काम मिळालं. आपल्या भाषेत सांगायचं तर दुष्काळी काम! आज तो सुमारे ७ किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हच्या जवळपास दुप्पट. दोन्हीकडे तशीच कमान, तशीच संध्याकाळची गर्दी. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतीही २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, हे मला नीस शोधता शोधता कळलं. रोज लोकलनं चर्चगेटला उतरणाऱ्या मुलीला हे माहीत नसावं, याची जरा लाज वाटली.

याच रस्त्यावर १४ जुलै २०१६ च्या रात्री, राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बघायला जमलेल्या गर्दीत एका हल्लेखोरानं ट्रक घातला. ८६ जण गेले. तिथं फोटो काढताना हे माहीत असलेलं बरं.

मग हे हिवाळी गाव उन्हाळ्याचं कधी झालं? १९२० च्या दशकात ऊन अंगावर घ्यायची फॅशन आली आणि हॉटेलं उन्हाळ्यातही उघडी राहू लागली. पण मला सगळ्यात आवडलेलं वर्ष आहे १९३६. त्या वर्षी फ्रान्समध्ये कायदा झाला की प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे. सरकारनं त्यांच्यासाठी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलतही दिली. कारखान्यात राबणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला. तोवर श्रीमंतांचं मानलं गेलेलं सुट्टी नावाचं प्रकरण हळूहळू सगळ्यांचं झालं.

हे वाचून मित्र म्हणाला, "म्हणजे आपलं पण चालतंय तिकडं."

वाचनाचा फायदा तारखेलाही झाला. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप किनाऱ्यावर असतो. गर्दी जास्त, दर जास्त. मेमध्ये जवळच कानचा चित्रपट महोत्सव असतो आणि मे-जूनच्या आसपास मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत. त्या दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या गावांतली हॉटेलं महागतात. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल आणि शेजारच्या मॉन्तों गावात लिंबांचा उत्सव असतो. तिथं लिंबू-संत्र्यांचे मोठाले देखावे उभे करतात. पाण्यात उतरायला थंडी, पण बघायला धमाल. आम्ही फेब्रुवारी ठरवला. नोव्हेंबरमध्ये व्हिसासाठी अर्ज करायचा, असंही ठरलं.

व्हिसा म्हणजे अर्धी ट्रिप

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. तो मिळाला की २९ देशांत फिरता येतं. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथं जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथं पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. 'अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो' म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि राहायचं दुसरीकडे, हा शहाणपणा अंगाशी येऊ शकतो.

मोठ्यांसाठी फी ९० युरो. एक युरो म्हणजे साधारण शंभर रुपये धरले तर ९ हजार, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. ९ हजार म्हणजे माझ्या इंटर्नशिपच्या मानधनाचा मोठा तुकडा. त्यामुळे 'टाकून तर बघू' हा पर्यायच नव्हता.

कागदपत्रं? पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं बुकिंग, कॉलेजचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्र हवं. आणि पैसे! राहण्याचं बुकिंग दाखवलं तर फ्रान्स दिवसाला ६५ युरो खर्चायची ऐपत बघतो, बुकिंग नसेल तर १२० युरो. आठ दिवसांचे ६५ नं झाले ५२० युरो, म्हणजे ५२ हजार रुपये. आपण विद्यार्थी, म्हणजे ही ऐपत आई-वडिलांची दाखवायची. त्यांचं गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि 'याचा खर्च आम्ही करतो' असं पत्र.

माझी आई शिक्षिका. मैत्रिणीचे बाबा सरकारी नोकरीत. आमचे कागद एका रविवारी गोळा झाले.

मित्राचे वडील शेतकरी. पावणेतीन एकर ऊस.

सातबारा आणि शेंगेन

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे त्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेलं नाही. भरायची गरजच पडली नाही. त्यात उसाचे पैसे महिन्याला येत नाहीत. गाळप सुरू झालं की कारखाना बिल जमा करतो, तेही हप्त्यांत. ऑगस्ट ते ऑक्टोबरचं स्टेटमेंट काढलं तर त्यात खतं, औषधं आणि सोसायटीचे हप्ते. जमा बाजूला जवळपास काहीच नाही. तेच स्टेटमेंट मार्चमध्ये काढलं तर माणूस वेगळाच दिसतो. पण आम्हाला नोव्हेंबरमध्ये अर्ज करायचा होता.

कॉलेजजवळच्या एका एजंटकडे गेलो. त्यानं दोन मिनिटांत उपाय सांगितला. "पप्पांच्या खात्यात महिनाभर तीन लाख टाकून ठेवू. माझ्याकडे माणूस आहे. व्याज तेवढं द्या." बाहेर आल्यावर आम्ही तिघंही गप्प होतो. खरं सांगते, मला तो उपाय पाच मिनिटं पटला होता. पण अचानक आलेली मोठी रक्कम ही तपासणाऱ्याच्या डोळ्यात पहिली येते. आणि खोटी माहिती दिल्याचं निघालं तर या अर्जावरच नाही, पुढच्या अर्जांवरही त्याचा डाग राहतो. मित्राला पुढं बाहेर शिकायला जायचंय. त्यानं तिथल्या तिथं नाही सांगितलं.

त्या रात्री ग्रुपवर त्याचा मेसेज आला. "तुम्ही दोघी जावा. मी फोटो बघीन."

आम्ही दोघींनी त्यावर एक अंगठासुद्धा टाकला नाही. काय टाकायचं? मैत्रीण चिडली होती, पण कुणावर चिडायचं हे तिला कळत नव्हतं. आमच्यात पैशावरून कधी भांडण झालं नव्हतं. चहाचे पैसे कोण देतं याचा हिशेब आम्ही ठेवत नाही. आणि आता एका शीटनं तीन रांगा पाडून दाखवल्या होत्या, कुणाच्या घरी फॉर्म सोळा येतो आणि कुणाच्या घरी पाऊस.

वडिलांशी बोलायला मित्र गावी गेला. तो सांगतो, वडील बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "जा की. पण कागदाला काय पाहिजे ते आधी नीट विचार. माझ्याकडं काय नाही असं नाही, तुमच्या रकान्यात बसत नाही एवढंच."

मग आम्ही नीट विचारलं. ज्यांनी असे अर्ज केलेत अशा दोन सीनियर्सना आणि एका सीएंना. त्यातून कळलं ते इतर शेतकरी घरांतल्या मुलांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहिते. विवरणपत्र नसेल तर ते का नाही, हे अर्जासोबतच्या पत्रात साध्या शब्दांत लिहायचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, एवढं वाक्यसुद्धा पुरतं. पुरावा म्हणून सातबारा, कारखान्याच्या बिलाच्या पावत्या आणि ते पैसे ज्या खात्यात जमा झाले त्याचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट जोडायचं. पावतीवरचा आकडा आणि स्टेटमेंटवरचा आकडा जुळायला हवा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यायचं. आणि अर्ज अशा वेळी करायचा, जेव्हा स्टेटमेंट खरं चित्र दाखवतं.

व्हिसा मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. निर्णय वाणिज्य दूतावासाचा. नाकारला तर कारण लेखी मिळतं आणि दादही मागता येते. पण जे आहे ते खरं दाखवून नकार आला, तर निदान मान खाली जात नाही.

धिरडं, गोटे आणि मार्सेय

आता थोडं स्वप्नाबद्दल, कारण शीटमधले सात टॅब त्याचेच आहेत.

मुंबईहून नीसला थेट विमान नाही. दुबई किंवा पॅरिसमार्गे जावं लागतं. पॅरिसहून नीसला रात्रीची ट्रेनही आहे, २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. झोपून जायचं आणि एका रात्रीच्या हॉस्टेलचे पैसे वाचवायचे, हे गणित आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. नीसच्या विमानतळावरून शहरात थेट ट्राम येते.

किनाऱ्यावर वाळू नाही! गोलसर दगडगोटे आहेत. रबरी चपला न्या, नाहीतर रील बनवताना तोंडावरचे भाव लपणार नाहीत. पाणीही लवकर खोल होतं, तेव्हा पोहता येत नसेल तर काठावरच बरं. काही भाग खासगी आहेत, तिथं खुर्ची आणि छत्रीचे पैसे पडतात. पण त्यांच्या मधल्या सार्वजनिक किनाऱ्यावर टॉवेल टाकायला कुणी एक पैसा मागत नाही. प्रोमेनादवरच्या निळ्या खुर्च्याही फुकट. कधीकाळी त्यांवर बसायचे पैसे द्यावे लागत, आता नाहीत.

खाण्यात 'सोका' नावाचा पदार्थ आहे. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या तव्यावर, लाकडाच्या भट्टीत भाजतात. थोडक्यात काय, बेसनाचं धिरडं! व्हेज मंडळींनी 'पिसालादिएर'पासून सावध राहा. दिसायला कांद्याचा पिझ्झा, पण त्यात अँकोव्ही मासे असतात. नीसच्या सॅलडमध्येही बहुतेक वेळा मासे असतातच. 'रातातुई' मात्र भाज्यांची, आणि ती मूळची इथलीच.

फिरायला 'शातो' टेकडी. वर किल्ला नाही. चौदाव्या लुईच्या हुकमानं तो १७०६ मध्ये पाडला. पण वरून दिसणारा अर्धगोल किनारा फुकट आहे आणि लिफ्टही फुकट. खाली 'कूर सालेया'चा फुलांचा आणि भाजीचा बाजार. सोमवारी तिथं जुन्या वस्तू विकतात, त्यामुळे फुलं बघायची तर दुसरा वार धरा. लोकल ट्रेननं दहाएक मिनिटांत व्हिलफ्रांश, अर्ध्या तासाच्या आत मोनॅको आणि पुढं मॉन्तों. मॉन्तोंनंतर इटली लागतंच.

गॅरिबाल्डी १८०७ मध्ये नीसमध्येच जन्मला. त्याच्या नावाचा चौक आहे. १८६० मध्ये हे गाव फ्रान्सकडे गेलं, ते त्याला अजिबात रुचलं नव्हतं. मैत्रिणीला मात्र आणखी एक दिवस हवाय. ती भगूरची. नीसहून ट्रेननं अडीच-पावणेतीन तासांवर मार्सेय बंदर आहे, जिथं ८ जुलै १९१० ला सावरकरांनी जहाजातून उडी मारली. तिच्या आजोबांनी तिला ती गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की तिला एकदा ते पाणी बघायचंच आहे. तो दिवस शीटमध्ये पक्का आहे.

एका माणसाचा आमचा हिशेब असा. विमान ६२ हजार. व्हिसा, सेवाशुल्क, विमा मिळून १३ हजार. हॉस्टेलच्या सात रात्री, रोज ४० युरोनं, २८ हजार. खाणं, दिवसाला २५ युरोनं आठ दिवस, २० हजार. ट्रेन, ट्राम, संग्रहालयं ८ हजार. एकूण १ लाख ३१ हजार. हा आमचा अंदाज आहे, तुमची शीट वेगळी निघेल. रक्कम मोठी आहे. म्हणून तिघांनीही ठरवलंय की यातली निम्मी स्वतः कमवायची. मी लेख लिहिते, मैत्रीण शिकवण्या घेते, मित्र शनिवार-रविवार लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो.

मग कधी?

फेब्रुवारीत आम्ही दोघी जाऊ शकलो असतो. कार्निव्हल मिळाला असता. मैत्रिणीच्या घरच्यांनी तसं सुचवलंही. पण १९३६ चा तो कायदा आम्हीच एकमेकांना वाचून दाखवला होता. सुट्टी सगळ्यांची असते म्हणायचं आणि पहिल्याच रांगेत एकाला उतरवायचं, हे जमलं नाही. मित्रानं आधी वाद घातला. "माझ्यापायी कशाला थांबताय?" मैत्रीण म्हणाली, "तुझ्यापायी नाही. फेब्रुवारीत पाणी थंड असतं." मग तिघंही हसलो.

आता जून ठरलाय, परीक्षा झाल्यावर. गावाकडं गाळप सुरू झालंय. जानेवारी-फेब्रुवारीत बिलं जमा होतील, मार्चमध्ये स्टेटमेंट निघेल, त्याच आठवड्यात अर्ज. व्हिसाचं काही सांगता येत नाही. पण वडिलांनी पहिल्यांदाच सगळ्या पावत्या एका फाइलीत लावल्यात आणि फाइलीवर खडूनं 'फ्रान्स' लिहिलंय.

ग्रुपचं नाव परत बदललं. आता ते आहे, 'नीस, ऊस बिलानंतर'.

आमचं वेळापत्रक, तुमच्या उपयोगाला

• सहा महिने आधी: पासपोर्टची मुदत तपासा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो.

• तीन महिने आधी: अर्ज. कायद्यानं किमान १५ दिवस आधी केला तरी चालतो, पण उन्हाळ्यात व्हिसा केंद्राच्या वेळा पटापट भरतात. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, क्वचित ४५ दिवसही लागतात.

• व्हिसा येईपर्यंत: रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा. परत न मिळणारं स्वस्त तिकीट तेव्हा महाग पडू शकतं.

• कॉलेज संपायच्या आत: बोनाफाईड आणि ना हरकत पत्र काढून ठेवा.

• आजच: मित्रांसोबत बसा आणि प्रत्येकाच्या घरचे कागद कसे आहेत ते मोकळेपणानं विचारा. तारीख त्यानंतर ठरवा.